एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला? हे गणित उलटे आहे

पेडणे : पत्रादेवीपासून धारगळपर्यंतचा महामार्ग रुंद झाला, मोपा विमानतळाचा जोडरस्ता आला आणि गाड्यांचा वेग वाढला. डिचोली-दोडामार्ग मार्गावरही तेच. नवीन गाडी घेताना आता मायलेजच्या आधी लोक ‘एअरबॅगा किती?’ असे विचारतात. हा बदल चांगलाच आहे. मात्र एअरबॅग आहे म्हणून बेल्ट लावायचा नाही, पोराला पुढे मांडीवर घ्यायचे, हा प्रकारही सर्रास दिसतो. एअरबॅग काम कशी करते हे समजून घेतले, तर यातला धोका लक्षात येतो.

ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी झाडावर आदळली की गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि स्टीअरिंगवर किंवा काचेवर आपटतो. हा मार साधारण तीन मजली इमारतीवरून खाली पडण्याइतका असतो. बेल्ट अंगाला मागे धरून ठेवतो, पण डोके आणि मान पुढे झेपावतेच. तेवढ्यासाठी एअरबॅग. तिचे तांत्रिक नावही ‘पूरक’ सुरक्षा व्यवस्था असेच आहे. पूरक कोणाला? बेल्टला.

गाडीच्या पुढच्या भागातले सेन्सर वेग किती झपाट्याने कमी झाला ते मोजतात आणि छोट्या संगणकाला कळवतात. साधा ब्रेक, खड्डा की खरी धडक, हे तो संगणक ठरवतो. धडक असेल तर इन्फ्लेटरमध्ये विजेची ठिणगी पडते, आतले रसायन पेटते आणि तयार झालेला वायू नायलॉनच्या पिशवीत भरतो. पूर्वी यासाठी सोडियम अझाइड वापरत, त्यातून नायट्रोजन निघे. आता बहुतेक कंपन्या इतर रसायने वापरतात. पिशवी भरायला सेकंदाचा पंचविसावा-तिसावा भाग पुरतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. लगेच मागच्या भोकांतून वायू निघून पिशवी सैल पडते, म्हणूनच डोके दगडावर आपटल्यासारखे न होता हळूहळू थांबते. उघडताना बंदुकीसारखा आवाज होतो आणि पांढरी पूड उडते. ती बघून गाडी पेटली असे समजून घाबरू नये, मात्र जखमींना सांभाळून लवकर बाहेर काढावे.

पिशवी बाहेर येते ती ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे सरकलेला असतो, आणि भरत असलेली पिशवी थेट त्याच्या तोंडावर-छातीवर बसते. बेल्ट लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही, असे गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. बऱ्याच गाड्यांत ती उघडते, आणि खरी भीती तीच आहे. चालकाची छाती स्टीअरिंगपासून किमान वीतभर, म्हणजे 25 सेंटिमीटर, दूर हवी.

सर्वात मोठा प्रश्न मुलांचा. चवथीला गावी जाताना माणसे जास्त, जागा कमी, मग धाकटे पोर पुढे आईच्या मांडीवर. दहा किलोच्या पोराचे ओझे धडकेच्या क्षणी सव्वाशे-दीडशे किलोंसारखे होते, कोणाच्याही हातात ते राहत नाही. त्यात समोरून एअरबॅग उघडते. डिसेंबर 2024 मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला होता. मुलांची जागा मागे, बेल्टमध्ये किंवा चाइल्ड सीटमध्ये. 14 वर्षांखालील मूल तसे बसवले नाही, तर मोटार वाहन कायद्यात एक हजार रुपये दंड आहे.

मोठ्यांनाही मागच्या सीटवर सूट नाही. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर आदळली. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. पुढच्या एअरबॅगा मागच्यांसाठी नसतातच. त्यानंतर काही दिवस मागच्या बेल्टची चर्चा झाली आणि थांबली.

समोरची एअरबॅग मागून धडक बसली किंवा गाडी नुसती उलटली तर सहसा उघडत नाही. उभ्या ट्रकच्या उंच पाठीखाली गाडी घुसली तर बंपरला मार लागतच नाही, त्यामुळे पिशवी वेळेवर उघडेलच याची खात्री नाही. खनिज ट्रकांच्या डिचोलीत हे ध्यानात ठेवलेले बरे. हौसेने बसवलेला लोखंडी बंपर गार्डही सेन्सरचा अंदाज चुकवू शकतो. केंद्राने 2017 मध्येच अशा गार्डवर कारवाईच्या सूचना दिल्या होत्या, तरी ते बिनधास्त विकले जातात. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवलेली मूर्ती पिशवीबरोबर गोळीसारखी उडू शकते. देवाला मधली जागा द्यावी, नाहीतर आरशाच्या बाजूला छोटा फोटो पुरे. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीला साधे जाड कव्हर चढवले की ती अडकते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांना सक्तीची आहे. शेजारच्या सीटची नव्या मॉडेलना एप्रिल 2021 पासून आणि आधीच्या मॉडेलना 2021 च्या अखेरीपासून सक्तीची झाली. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी 2022 मध्ये आला, मुदत एकदा पुढे गेली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये नितीन गडकरी यांनी सक्ती होणार नसल्याचे सांगितले. त्यामुळे 2019 च्या आधीची गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिला एअरबॅग असेलच असे नाही.

अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा घडी करून वापरता येत नाही, ती पूर्ण बदलावी लागते आणि खर्च मोठा असतो. म्हणूनच काही ठिकाणी नुसते झाकण बसवून गाडी विकली जाते. खरेदीपूर्वी चावी फिरवून बघावे. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबात लागला नाही किंवा लागूनच राहिला, तर स्कॅनर लावून तपासणी झाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.