मल्ललिखित व्यायामग्रंथ

कुस्ती, वजन उचलणे किंवा रंगमंचावरील शक्तिप्रदर्शन यांवर उपजीविका करणाऱ्या बलवंतांनी, अंगमेहनतीची सवय नसलेल्या सामान्य वाचकाला घरच्या घरी व्यायाम शिकविण्यासाठी लिहिलेली किंवा त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेली पुस्तके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या वाङ्मयप्रकाराला निश्चित रूप आले. शहरांतील बैठे काम करणारा कारकूनवर्ग, छायाचित्रे छापण्याची स्वस्त सोय आणि नियमित टपाल यांच्यामुळे त्याचा झपाट्याने प्रसार झाला.

यूजेन सँडो (1867–1925) हा या प्रकाराचा प्रमुख लेखक होय. पूर्व प्रशियातील क्योनिग्झबर्ग येथे जन्मलेल्या सँडोचे मूळ नाव फ्रीड्रिख व्हिल्हेल्म म्यूलर होते. 1889 मध्ये लंडनच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये सॅम्पसन या त्या वेळच्या नामांकित शक्तिवीरावर मात करून तो प्रसिद्धीस आला, आणि 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी झालेल्या प्रयोगांनी त्याचे नाव अमेरिकेत पसरले. जी. मर्सर ॲडम यांनी संपादित केलेले ‘सँडो ऑन फिजिकल ट्रेनिंग’ हे पुस्तक 1894 मध्ये निघाले. तथापि पुढील अनेक पुस्तकांना नमुना ठरले ते 1897 चे ‘स्ट्रेंग्थ अँड हाउ टू ऑब्टेन इट’. त्यात व्यायामांची माहिती, शिष्यांची पत्रे आणि सँडोचे आत्मवृत्त एकत्र बांधलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे 1894 मध्ये सिंहाशी झालेली झुंजही त्यात येते; त्या वेळी सिंहाच्या तोंडाला जाळी व पंजांना आवरणे घातलेली होती.

या पुस्तकाचा खरा गाभा मात्र त्यातील कोष्टके हाच आहे. वय आणि लिंग यांनुसार वाचकांचे गट पाडून प्रत्येक गटाने कोणता व्यायाम किती वेळा करून आरंभ करावा आणि ती संख्या किती दिवसांनी वाढवावी, हे त्यांत नेमके दिलेले आहे. तालमीतील वस्ताद शिष्याचा दम, वय आणि खुराक पाहून जोर-बैठकांची संख्या ठरवितो. तो निर्णय येथे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर छापील ओळींकडे सोपविला गेला. ज्याला वस्ताद लाभण्याची शक्यता नव्हती अशा माणसाच्या हाती क्रमबद्ध व्यायाम आला, ही या पुस्तकाची कामगिरी असून ती सँडोच्या रंगमंचावरील कोणत्याही पराक्रमापेक्षा मोठी मानावी लागते. उणीव तितकीच उघड आहे : कोष्टक आजारी माणसाला थांबवीत नाही आणि चुकीची ठेवण सुधारीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सँडोने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, लंडनमध्ये व्यायामसंस्था उघडली आणि 1898 पासून मासिक चालविले.

सँडोच्या पद्धतीत काही पौंड वजनाचे हलके डंबेल घेऊन, ज्या स्नायूला काम द्यायचे त्याच्यावर चित्त एकाग्र करण्यावर भर आहे. त्याने पुढे बाजारात आणलेल्या स्प्रिंगच्या डंबेलचे दोन भाग मुठीने दाबून धरावे लागत, त्यामुळे व्यायामभर लक्ष ढळू देता येत नसे. स्वतः सँडोची ताकद मात्र अशा हलक्या साधनांनी घडली काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याचा गुरू प्रोफेसर ॲटिला (मूळ नाव लुई डुर्लाखर) जड वजनांचा सराव करून घेत असे, एवढे नमूद करणे पुरेसे आहे. 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत सँडोसमवेत लेखक आर्थर कॉनन डॉइल आणि शिल्पकार चार्ल्स लॉज हे परीक्षक होते. सँडोने कोको व कमरपट्टे यांचाही व्यापार केला.

जॉर्ज हॅकनश्मिट (1877–1968) या एस्टोनियात जन्मलेल्या मल्लाचे ‘द वे टू लिव्ह’ (1908) हे पुस्तक प्रामाणिकपणाच्या दृष्टीने सँडोच्या पुस्तकाहून सरस आहे. सेंट पीटर्झबर्ग येथील वैद्य क्रायेव्हस्की यांच्या देखरेखीखाली हॅकनश्मिट तयार झाला होता. 1905 मध्ये न्यूयॉर्क येथे टॉम जेंकिन्सला हरवून त्याने जगज्जेतेपद मिळविले आणि ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी शिकागोत फ्रँक गॉच याच्याकडून तो पराभूत झाला. आरंभी साधनांविना व्यायाम, नाकाने श्वसन, साधा आहार व पुरेशी झोप यांचा उपदेश करून तो पुढे वजनांकडे वळतो, आणि असामान्य ताकद हवी असेल तर जड वजनाला पर्याय नाही, तेही क्रमाक्रमानेच वाढविले पाहिजे, असे स्पष्ट सांगतो. स्वतः ज्या मार्गाने गेलो तोच मार्ग वाचकाला दाखविण्याचा हा सरळपणा या वाङ्मयात फारसा आढळत नाही. उत्तरायुष्यात तो तत्त्वज्ञानविषयक लेखनाकडे वळला.

डेन्मार्कचा जे. पी. म्यूलर (1866–1938) हौशी खेळाडू असल्याने काटेकोरपणे या वर्गात बसत नाही. परंतु दररोज पंधरा मिनिटांत अठरा व्यायाम, मध्ये थंड पाण्याचे स्नान आणि नंतर हातांनी अंग चोळणे अशी रचना असलेले त्याचे ‘माय सिस्टिम’ (मूळ डॅनिश, 1904) अनेक भाषांत गेले. कादंबरीकार फ्रान्झ काफ्का हे व्यायाम उघड्या खिडकीसमोर करीत असे.

भारतात सँडोचा दौरा 1904–05 च्या सुमारास झाला; त्याची पुस्तके व साधने मात्र त्याआधीच येथे पोहोचली होती. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला आणि नंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार करून त्यांचा हयातभर प्रचार केला. लुईज मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक 1938 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. भवानराव व्यावसायिक मल्ल नव्हते. तरी ज्या बाजारपेठेत सँडोचे पुस्तक खपले तेथेच, साधन विकत न घेता करावयाचा व्यायाम त्यांनी नेला, यास्तव त्यांचा निर्देश येथे आवश्यक ठरतो. बंगळूर येथील के. व्ही. अय्यर यांनीही पुस्तके व टपालाने शिकविण्याचे अभ्यासक्रम काढले. आखाड्यातील विद्या मात्र तोंडी परंपरेतच राहिली : 1910 मध्ये लंडन गाजविणाऱ्या गामाच्या मेहनतीची माहिती मुख्यतः इतरांच्या वर्णनांतून मिळते. जोर, बैठका, जोडी, करेल, मल्लखांब इत्यादींची पद्धतशीर मांडणी पुढे बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी संपादिलेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’त झाली, ते काम मल्लाचे नसून कोशकाराचे होते.

स्त्रियांसाठी : म्यूलरने 1911 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

लेखकत्व : मल्लाच्या नावामागे बहुधा व्यवसायी लेखक असे व त्याचा उल्लेख टाळला जाई. अलीकडे ही प्रथा बदलली असून अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या 1977 च्या पुस्तकावर डग्लस केंट हॉल यांचे, तर 1985 च्या शरीरसौष्ठवकोशावर बिल डॉबिन्स यांचे नाव सहलेखक म्हणून छापलेले आहे.