किल्लारी ते ईट: आघातग्रस्तांच्या समुपदेशनाचा एका जिल्ह्यातील इतिहास

१

धाराशिव जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात ३० सप्टेंबर १९९३ या तारखेइतका खोल ठसा फार थोड्या तारखांनी उमटविला असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लगतच्या, त्या वेळी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील सास्तूर, होळी यांसारखी गावेही काही क्षणांत जमीनदोस्त झाली. धक्क्याची तीव्रता सहापेक्षा थोडी अधिक, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. तरीही निरनिराळ्या गणनांनुसार सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा जड थर अशी ही माळवदाची घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या निवारा ठरलेले माळवदच निजलेल्या माणसांवर कोसळले.

या आपत्तीनंतर घरे किती पडली, किती बांधली आणि खर्च किती झाला याचा हिशेब शासकीय अहवालांतून तपशीलवार मिळतो. वाचलेल्या माणसांच्या मनाचे काय झाले आणि त्यासाठी कोणी काय केले, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात बाजूस राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला असून, जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आलेला हा अनुभव पश्चिम टोकाच्या ईटसारख्या गावाला पुढे कितपत उपयोगी पडला, हेही तपासले आहे.

२

मनाला बसलेल्या धक्क्याची जाणीव मराठी समाजाला नवी नाही. ‘धसका घेणे’, ‘हाय खाणे’, ‘मन उडणे’ हे वाक्प्रचार त्याची साक्ष देतात. एखाद्याने हाय खाल्ली असे म्हणताना बोलणारा दुःखाचा शरीरावर होणारा परिणामही सुचवीत असतो. वैद्यकाने या अवस्थेस स्वतंत्र रोगनाम दिले ते बरेच उशिरा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर मानसिक विकाराचा आपल्या वर्गीकरणात समावेश केला तो १९८० मध्ये. भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर मनोविकारतज्ज्ञांनी तेथील सामान्य डॉक्टरांना मानसिक उपचारांचे प्राथमिक शिक्षण दिले. आपत्तिग्रस्तांच्या मनाचा विचार सार्वजनिक आरोग्याचा भाग म्हणून करण्याचा हा देशातील आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

‘आघाताचे भान ठेवणारी सेवा’ ही कल्पना याहून निराळी आणि अधिक व्यापक आहे. मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलॉट यांनी २००१ मध्ये ती मांडली आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील एका शासकीय संस्थेने तिची सहा तत्त्वे निश्चित केली. सुरक्षितता, विश्वासार्हता, समदुःखितांचा आधार, सहकार्य, आपला मार्ग आपण निवडण्याचा अधिकार आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान ही ती तत्त्वे होत. तिचे सार असे की, आघातग्रस्त माणसाशी ज्याचा ज्याचा संबंध येतो, मग तो डॉक्टर असो, शिक्षक असो की कारकून, त्या प्रत्येकाच्या वागण्याने जखम भरू शकते किंवा पुन्हा उघडी पडू शकते. समुपदेशन हे एका खोलीत, एका तज्ज्ञाकडून, ठराविक वेळी होणारे कार्य आहे ही समजूत येथे गळून पडते. किल्लारीच्या वेळी ही परिभाषा अस्तित्वात नव्हती. तथापि तिच्यात जे प्रश्न उभे केले आहेत ते सर्व प्रश्न त्या प्रदेशात प्रत्यक्ष उभे राहिले होते.

३

भूकंपानंतर लवकरच मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्या काही लोकांची तपासणी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राथमिक निष्कर्षानुसार तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. आघातोत्तर विकार आणि तीव्र नैराश्य हे त्यांत प्रमुख होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने या प्रदेशात दीर्घ मुदतीचा अभ्यास केला. वैद्यकाने या दुःखाची दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही.

परंतु दुःखाचे काही पदर तपासणीच्या कक्षेबाहेरचे होते. प्रेते इतकी होती की पडलेल्या घरांच्याच लाकडांवर त्यांचे सामुदायिक दहन करावे लागले. नाव घेऊन अग्नी देणे, तिसऱ्या दिवशी राख सावडणे, दहाव्या दिवशी भावकीने एकत्र बसणे ही शोकाची परंपरागत चौकट अनेक कुटुंबांना लाभली नाही. शोकविधी हे केवळ धर्माचार नसतात. मृत्यू घडला हे समाजाने मान्य करण्याची आणि मागे राहिलेल्यास आधार देण्याची ती व्यवस्था असते. ती व्यवस्थाच मोडली, तेव्हा शोक संपण्यास अवधी लागला यात नवल नाही.

दुसरा पदर घराचा. जागतिक बँकेच्या साह्याने १९९४ ते १९९८ या काळात राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. नवे घर कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४५० आणि मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौरस फूट असे त्याचे प्रमाण होते. गावांची आखणी सरळ रस्ते आणि समान भूखंड अशी झाली. भूकंपप्रतिबंधक बांधकामाच्या दृष्टीने या योजनेचे श्रेय नाकारता येत नाही. दगडमातीच्या घरात पुन्हा पाऊल ठेवण्याची ज्यांना धास्ती वाटत होती, त्यांना पक्क्या घराने खरोखरच निर्धास्त केले. मात्र जुन्या गावातील गल्ल्या भावकीच्या होत्या, अंगणे एकमेकांना लागून होती आणि ओट्यावर बसलेल्या म्हातारीचे लक्ष चार घरांवर असे. नव्या गावाचा विस्तार जुन्याच्या कितीतरी पट झाला आणि शेजार विखुरला. शरीराची सुरक्षितता साधताना मनाची सुरक्षितता ज्या शेजारावर अवलंबून असते, तो शेजार नकाशातून निसटला.

जेथे गावे हलविली गेली नाहीत, तेथील अनुभव यामुळे अधिक उद्‌बोधक ठरतो. दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या योजनेत हजाराहून अधिक गावांतून महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली पुढे वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा पाया याच कामात घातला गेला. कागदोपत्री या स्त्रियांचे काम अनुदानाची माहिती देणे आणि बांधकामावर देखरेख ठेवणे एवढेच होते. पण ज्या बाईने स्वतः माणसे गमावली आहेत, तीच दुसऱ्या बाईच्या दारात सिमेंटच्या हप्त्याची चौकशी करण्यास जाते, तेव्हा बोलणे सिमेंटपाशी थांबत नाही. समदुःखितांचा आधार, निर्णयातील सहभाग आणि स्वतःचे हात कामी येण्याचा अनुभव ही तीनही तत्त्वे येथे नावाशिवाय अवतरली. नव्या परिभाषेच्या दृष्टीने पाहता, या स्त्रियांना समुपदेशक म्हणावे लागेल.

४

मुलांचा प्रश्न सर्वांत बिकट होता. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली आणि पुढे वाघोली येथे त्यांची स्थायी व्यवस्था केली. दुसरीकडे, राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली जिल्ह्यातच, नळदुर्ग येथे, निराधार मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारले. हे दोन प्रयत्न दोन निरनिराळ्या विचारांचे निदर्शक आहेत. पहिला म्हणतो, जेथे सर्व उद्‌ध्वस्त झाले तेथून मुलाला दूर न्यावे, उत्तम शाळा द्यावी आणि नवे आयुष्य घडू द्यावे. दुसरा म्हणतो, मुलाची बोली, माती आणि उरलेले आप्त त्याच्या आटोक्यात राहू द्यावेत.

या प्रश्नास जगाच्या इतिहासात एक प्रसिद्ध पूर्वपीठिका आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील मुलांना बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी खेड्यांत हलविले गेले. त्या काळात युद्धकालीन बालगृह चालविणाऱ्या अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी असे नमूद केले की, लहान मुलांना बाँबपेक्षा आईपासूनची ताटातूट अधिक हादरवून टाकते. मोठे माणूस जवळ असेल आणि ते स्वतः स्थिर असेल, तर मूल पुष्कळ सोसते. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधातही मातृवियोगाच्या परिणामांवरच भर आहे.

म्हणून वाघोलीचा प्रयोग चुकीचा होता, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाचे कोणीच उरले नव्हते आणि ज्याची शाळाही ढिगाऱ्याखाली होती, त्याला शिक्षणाची अखंड संधी मिळणे हाही उपचारच होता. शिवाय एकाच गावची, एकाच प्रसंगातून गेलेली मुले एकत्र वाढली, हाही आधार लहान नव्हे. विवाद्य मुद्दा अंतराचा नसून नात्याचा आहे. मुलाला कोठे ठेवले यापेक्षा, त्याच्या उरलेल्या माणसांशी त्याचा धागा टिकविला की नाही आणि मुलाच्या इच्छेला त्या निर्णयात स्थान होते की नाही, या कसोट्यांवर अशा प्रयत्नांचे मूल्यमापन झाले पाहिजे.

५

भूम तालुक्यातील ईट हे गाव जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, बालाघाटाच्या प्रदेशात वसलेले आहे. किल्लारी येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. भूकंपाच्या मृत्युपट्ट्याबाहेर असलेल्या या भागाचा आघात निराळ्या जातीचा आहे. तो एका पहाटे कोसळत नाही, हप्त्याहप्त्याने येतो. २०१२-१३ आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ या काळातील दुष्काळांनी मराठवाड्याचा हा पट्टा होरपळला. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली, कर्ज वाढले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव वारंवार येऊ लागले.

आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाची स्थिती किल्लारीच्या वाचलेल्यांहून एका अर्थाने अधिक कठीण असते. भूकंपाचा दोष कोणी कोणाला देत नाही. येथे मात्र विधवेला शेजाऱ्यांची कुजबूज आणि स्वतःचे मन या दोहोंचा सामना करावा लागतो. त्यात शासकीय साहाय्याची चौकशी येते. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी मृत्यूचे प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, नापिकी होती काय, मृत्यूचे कारण नेमके तेच काय, हे सर्व सिद्ध करावे लागते. त्यासाठी तीच हकिकत पोलिसांपुढे, तलाठ्यापुढे आणि समितीपुढे पुन्हापुन्हा सांगावी लागते. सार्वजनिक पैशासाठी पडताळणी आवश्यक आहे, हे खरे. पण ती ज्या रीतीने होते तिच्यावर कुटुंबाचे सावरणे अवलंबून असते. ‘अपात्र’ हा शेरा फाइलीपुरता असला, तरी घरात तो मृत माणसावरचा निवाडा म्हणून ऐकला जातो.

२०१५ मध्ये शासनाने दोन उपक्रम हाती घेतले. यवतमाळ व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान, आणि विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशनाचा कार्यक्रम. ‘प्रेरणा’मध्ये आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे खचलेल्या व्यक्ती ओळखाव्या, त्यांना आरोग्य केंद्राकडे व गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि १०४ या दूरध्वनी क्रमांकावरून सल्ला उपलब्ध व्हावा, अशी योजना होती. गावातीलच स्त्रीला पहिला दुवा मानण्यात संवाद सहायकांच्या अनुभवाशी तिचे साम्य दिसते. फरक असा की, संवाद सहायक स्त्रीच्या हाती देण्यासारखे काही होते: अनुदानाची माहिती, बांधकामातील वाटा, निर्णयातील आवाज. केवळ प्रश्नावली घेऊन आलेली कार्यकर्ती कितीही कनवाळू असली, तरी ‘झोप येते काय’ या प्रश्नाला ‘पाणी कधी येते ते सांगा’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. दुःखाचे कारण तसेच ठेवून दुःखाची केवळ नोंद घेणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

मुलांच्या बाबतीतही जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. बालाघाटातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुलाला कोयत्याबरोबर फडावर न्यावे की गावी ठेवावे, हा त्यांचा पेच वाघोली-नळदुर्गच्या पेचाचाच धाकटा भाऊ होय. आईबाप बाहेर असताना मुलांची गावातच सोय करणारी हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे एक उत्तर आहे. परंतु त्यांकडे केवळ शाळेतील उपस्थितीचे साधन म्हणून न पाहता, आजी-आजोबांच्या सान्निध्यात मुलाचे मन सांभाळणारी संस्था म्हणून पाहिले, तरच त्यांचा हेतू पूर्ण होईल.

६

या विवेचनातून निष्पन्न होते ते असे. मनाचे पुनर्वसन हे घर, मदत आणि शाळा यांच्यानंतर हाती घ्यावयाचे स्वतंत्र काम नव्हे. घर कसे आखले, मदतीची चौकशी कशी केली आणि मूल कोणाजवळ ठेवले, यांतच ते घडते किंवा बिघडते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला, ही मोठी प्रगती होय. तथापि तज्ज्ञाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी आघातग्रस्त माणूस अनेक टेबलांसमोर उभा राहिलेला असतो आणि त्या टेबलांसाठी असा कायदा नाही.

धाराशिव जिल्ह्यापाशी हे ज्ञान १९९३ पासून होते. पण ते भूकंपाच्या फायलीत राहिले. पुनर्वसनाचा कार्यक्रम १९९८ मध्ये संपला, तेव्हा त्यातून शिकलेल्या स्त्रियांचा अनुभव आरोग्यखात्याच्या वा महसूलखात्याच्या नित्य कारभारात मुरला नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दुष्काळ आला, तेव्हा आरंभ पुन्हा प्रश्नावलीपासून करावा लागला. किल्लारी परिसरात दरवर्षी ३० सप्टेंबरला मृतांना आदरांजली वाहिली जाते. वाचलेल्यांना कोणी आणि कसे सावरले, याचीही तितकीच जपणूक होणे आवश्यक आहे. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या स्त्रियांपैकी अनेकींचे वय आज उतरणीला लागले आहे. त्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणे आणि त्या आशा कार्यकर्तीच्या व तलाठ्याच्या प्रशिक्षणात आणणे, हे काम इतिहासाच्या आणि समाजकार्याच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे, आणि त्यासाठी उरलेला अवधी फार मोठा नाही.