मूलबंध, डॉ. केगल आणि लोहाऱ्याची मावशी

मे महिन्यात लोहाऱ्याला मावशीकडे गेले होते. सगळे लग्नाला निघाले, मावशी मात्र "तुम्ही जावा" म्हणून घरीच. कारण नंतर स्वयंपाकघरात हळूच कळलं. खोकला आला, हंडा उचलला की थोडी लघवी होते. "तीन बाळंतपणं झाली, आता असंच असतंय बघ!"

असंच असतं?? पुण्याला आल्यावर वीकेंडभर इतिहास उकरला.

डॉक्टर याला 'स्ट्रेस' म्हणतात, पण तो आपला हापिसातला स्ट्रेस नव्हे. पोटातला दाब वाढतो आणि मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू तो पेलू शकत नाहीत.

हे स्नायू आवळणं आपल्याकडे जुनंच. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत मूलबंध आहे, पण तो प्राण-अपानासाठी. पुढे 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली चक्क क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासल्या. योगही मोजता येतो, हे त्यांनी दाखवलं.

असंच मोजमाप बाळंतिणींच्या कामी आणलं अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी. 1948 सालचा त्यांचा लेख गाजला. व्यायाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, पण मला भारी वाटलं ते त्यांचं यंत्र! योनीत ठेवायची हवेची पिशवी, तिला जोडलेली दाबाची तबकडी. स्नायू आवळला की काटा हलणार. आमच्या भाषेत, फीडबॅक लूप.

तो का हवा? 1991 साली अमेरिकेत 47 बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावला. जेमतेम निम्म्यांना नीट जमला. पाव बायका तर उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे त्रास वाढायचीच भीती! नीट शिकवला तर? 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायाम करणाऱ्या 56 टक्के बायकांनी बरं झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत फक्त 6 टक्के. ऑपरेशनआधी किमान तीन महिने हाच उपाय, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

मावशीला फोन केला. आधी डॉक्टरीणबाईंकडून तपासून घे, बरोबर आवळतेस का ते बघायला सांग, म्हटलं.

"एवढंच व्हय? मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही गं?"

याचं उत्तर मला कुठल्याच लेखात सापडलं नाही. असो. तुमच्या आईला, मावशीला एकदा विचारून बघा.