आत्मसंतोष आणि टोंचणी

जुन्या खरेदीखतांतील ‘आत्मसंतोषें लिहून दिलें’ हे शब्द वाचकांच्या परिचयाचे आहेत. निरक्षर कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करी व साक्षीदार आपलीं नांवें घालीत. वादी पंचांस जो ‘राजीनामा’ देत, त्याचा अर्थ संमतिपत्र असाच होता. परंतु कागदांतील संतोष खरा कीं केवळ लेखनरूढीचा, याचा निर्णय संशोधकास करावा लागतो.

हाच प्रश्न मुंबईंत प्लेगच्या लशीविषयीं उपस्थित होतो. डॉ. हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. हे कैदी स्वखुषीनें पुढें आले असें नमूद आहे. हाफकिन यांची सचोटी आम्हांस मान्य आहे. तथापि ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं, त्याची खुषी कितपत मोकळी मानावी? १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेनें संमतीस पुरेसें ज्ञान व दडपणाचा अभाव हीं दोन्हीं आवश्यक ठरविलीं. भारताच्या २०१९ च्या औषधचांचणी नियमांत निरक्षराच्या संमतीस निःपक्षपाती साक्षीदार लागतो. जुना साक्षीदार निशाणीची ग्वाही देई. नव्यानें समजावून सांगण्याच्या वेळींही हजर राहावयाचें असतें. आमच्या मतें खरा आत्मसंतोष तेथेंच पारखला जातो.

निफाडकडील संग्राहकांस विनंति कीं, घरच्या दप्तरांत प्लेगच्या सालांतील टोंचणीविषयक पत्रें असल्यास तीं जपावीं. सरकारी कागदांत टोंचणाराचें म्हणणें आहे. टोंचून घेणाराचें म्हणणें अशा पत्रांतच सांपडण्याचा संभव आहे.