माणूस इथला, पार्श्वभूमी तिथली : मुंबईतील व्यक्तिचित्रांच्या जागांचा इतिहास

१/ कुर्ल्याच्या पश्चिमेस, मिठी नदीपलीकडे, वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारतींसमोर उभे राहून नोकरीसाठी छायाचित्र काढून घेणारे तरुण आता नवलाचे राहिलेले नाहीत. चेहरा आपला आणि मागची जागा आपण निवडलेली. ही निवड किरकोळ वाटते. परंतु मुंबईतील व्यक्तिचित्रांच्या इतिहासात ती बराच काळ चित्रातल्या माणसाच्या हाती नव्हती.

२/ बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील एक भारतीय छायाचित्रकार. म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी १८५३ साली कुर्ल्यावरून धावू लागली, त्याच सुमारास कॅमेराही या शहरात स्थिरावत होता.

३/ त्या काळी जागा आवडीनुसार निवडता येत नसे. ती रसायने ठरवीत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर लेप देणे, ती रौप्यक्षारात बुडवणे, चित्र टिपणे आणि ते उमटवणे ही सारी कामे लेप ओला असतानाच उरकावी लागत. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असत. मुंबईच्या उकाड्यात तर तेवढीही मिळत नसत.

४/ त्यामुळे छायाचित्रकार जिथे जाई, तिथे त्याचा अंधारा तंबूही जाई. जवळ गोडे पाणी हवे असे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडचा रौप्यक्षारांशी संयोग होऊन काच बिघडे. शीव आणि कुर्ला यांच्यामधला पट्टा तेव्हा खाडीचा आणि दलदलीचा होता. डोळ्यांना सुंदर दिसणारी अशी जागा या कामासाठी गैरसोयीचीच ठरली असती.

५/ ऊन तर हवेच, पण तेही बेताचे. माथ्यावरचा सूर्य डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पाडतो. चित्र टिपायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. मोकळ्या आकाशाचा उजेड मिळेल, पण थेट ऊन लागणार नाही, अशी भिंतीची सावली व्यक्तिचित्रासाठी सर्वांत सोयीची असे.

६/ या अडचणींवर विल्यम जॉन्सनने एक वेगळाच मार्ग काढला. जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात एक छायाचित्र-मासिक चालवले. त्यात पश्चिम भारतातील लोकांचे वेश आणि व्यवसाय दाखवणारी चित्रे असत. पुढे जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड काढले. पहिला १८६३ साली गुजरात, कच्छ आणि काठेवाडच्या लोकांवर, तर दुसरा १८६६ साली महाराष्ट्रातील लोकांवर.

७/ या खंडांतील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका ठिकाणी टिपली, त्यांच्या आकृती वेगळ्या काढल्या आणि दुसरीकडे टिपलेल्या दृश्यावर बसवल्या. निरखून पाहिले की आकृतींच्या कडा जाणवतात. चित्रातला माणूस मागे दिसणाऱ्या जागी प्रत्यक्ष उभाच नव्हता.

८/ याला केवळ तांत्रिक क्लृप्ती म्हणता येत नाही. चित्राखाली व्यक्तीचे नाव नसे. असे ते जातीचे वा समूहाचे. मागचे दृश्य ‘हे लोक अशा ठिकाणचे’ असे सांगे. नाव पुसले गेले, जागा परक्याने ठरवली आणि उरला तो केवळ एक नमुना. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी हीच दृष्टी संपूर्ण देशावर रोखली.

९/ १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली आणि कालांतराने अंधाऱ्या तंबूची गरज संपली. कॅमेरा कुठेही नेणे सोपे झाले. तरीही अधिकृत ओळखीच्या चित्रातून जागाच हद्दपार झाली. पारपत्राला पांढरी पार्श्वभूमी लागते. १९९३ पासून मतदारालाही छायाचित्रासह ओळखपत्र मिळू लागले. या चित्रांत नाव परतले, पण गाव परतले नाही.

१०/ वांद्रे-कुर्ला संकुलाच्या विकासाची जबाबदारी १९७७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली आणि मिठीकाठच्या दलदलीवर कचेऱ्या उभ्या राहिल्या. आज तिथे छायाचित्र काढणारा जाणकार भर दुपार टाळतो, इमारतीची सावली शोधतो आणि समोरच्या काचेवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर घेतो. ओल्या काचेच्या काळातला उजेडाचा नियम अजून तोच आहे.

११/ बदलला आहे तो निवडणारा. काचेच्या इमारतीसमोर उभा असलेला तरुण त्या इमारतीत नोकरीला असेलच असे नाही. कदाचित त्याला तिथे पोहोचायचे असेल. तीही एका अर्थी जोडलेली पार्श्वभूमीच. फरक एवढाच की ती त्याने स्वतः जोडली आहे आणि चित्राखाली त्याचे नाव आहे. जुने व्यक्तिचित्र समोर आले की चेहऱ्याइतकेच मागे पाहावे आणि विचारावे : ही जागा कोणी निवडली?