मुसीचा महापूर आणि दुष्काळी मुलखातील दोन तलाव

दख्खनच्या इतिहासाची साधने चाळताना पाऊस भेटतो, तो बहुधा न पडल्यामुळे. दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०चा दुष्काळ, १८७६-७८, १८९९-१९००. ही यादी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. याच मुलखात क्वचित एखाद्या वर्षी दोन दिवसांत निम्म्या वर्षाचा पाऊस कोसळतो, आणि त्याचा इतिहास मात्र आपण फारसा वाचत नाही. आजचा धागा अशाच दोन दिवसांविषयी आहे. थोडा लांबेल, आकडेही येतील. चहा घेऊन बसावे.

स्थळ हैदराबाद. काळ सप्टेंबर १९०८. गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान. हा इतिहास दूरचा वाटत असेल, तर एवढेच स्मरावे की औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा याच राज्यात होते. अवघ्या आठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने याच जिल्ह्यांना भाजून काढले होते.

प्रथम नदी समजून घेऊ. मुसी ही हैदराबादच्या पश्चिमेला विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते. तिची जोडनदी ईसी. दोघी शहराच्या वेशीवर एकत्र येतात आणि मग मुसी जुन्या शहराच्या तटाला लागून पूर्वेकडे जाते. वर्षातील बहुतेक महिने पात्रात खडक आणि वाळूच अधिक. अशा नदीची माणसाला भीती वाटत नाही. वस्ती हळूहळू खाली सरकते, धोबीघाट, बागा, झोपड्या, मग पक्की घरे. १९०१च्या जनगणनेत हैदराबादची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती आणि तिचा मोठा भाग याच नदीच्या दोन्ही काठांवर दाटलेला होता.

आता तलाव. तेलंगणाची जमीन ग्रॅनाइटची. वर मातीचा थर पातळ, खाली कठीण खडक. पाणी मुरते कमी, वाहते जास्त. त्यात पाऊस जेमतेम चार महिन्यांचा. म्हणून काकतीयांच्या काळापासून, किंबहुना त्याआधीपासून, येथे प्रत्येक उतारावर मातीचा बांध घालून तलाव करण्याची रीत रुजली. रामप्पा, पाखाल, लकनवरम ही त्यांतील मोठी नावे. बिननावाचे गावतलाव हजारोंनी. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून त्याखालच्या. पावसाचा थेंब नदीला मिळण्यापूर्वी अनेक गावांची शेते भिजवून जाई. दुष्काळी प्रदेशासाठी याहून शहाणी व्यवस्था सुचणे कठीण.

शहराच्या वरच्या अंगाला मुसी-ईसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैलांचे होते आणि त्यात ७८८ तलाव होते. म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक! हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले होते.

सप्टेंबरच्या अखेरीस बंगालच्या उपसागरावरून आलेले वादळ दख्खनच्या पठारावर चढले. शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. आजच्या मापात सुमारे ३२५ आणि ४८० मिलिमीटर. हैदराबादची वार्षिक सरासरी साधारण ८०० मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन दिवसांची कल्पना येते.

येथे महिना महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते या घटनेच्या वर्णनांत त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हाच पाऊस जूनमध्ये पडता तर उन्हाळ्याने कोरडे पडलेले तलाव त्यातला बराच भाग पोटात घेते. सप्टेंबरअखेर, पावसाळा सरत असताना, तलाव भरलेले असणे हेच गावाच्या सुबत्तेचे लक्षण. दुष्काळावरचा उपाय जेव्हा पूर्णत्वास गेलेला असतो, नेमका तेव्हाच तो पुरापुढे सर्वांत दुबळा असतो. मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहू लागले की बांध टिकत नाही. वरचा तलाव फुटला की पावसाच्या पाण्यात त्याचा सगळा साठा मिसळतो आणि खालच्या बांधावर एकदम येऊन आदळतो. ७८८ पैकी २२१ तलाव फुटले.

२८ सप्टेंबर, सोमवार. पहाटेपासून नदी चढत गेली. अफझलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तीन पूल गेले. कुतुबशाहीतला १५७८चा पुराना पूल तेवढा तग धरून राहिला. मृतांचा आकडा साधारणपणे १५ हजार सांगितला जातो; काही लेखनात तो ५० हजारांपर्यंत चढतो. एवढी तफावत का? नदीकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्यांची नोंद जिवंतपणीही नीट नव्हती, हे एक कारण उघड दिसते. सुमारे १९ हजार घरे पडली आणि ८० हजारांवर माणसे उघड्यावर आली.

अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसे चढून वाचली. ते झाड अजून उभे आहे. मी पाहायला गेले तेव्हा त्याखाली रुग्णांचे नातेवाईक डबे उघडून जेवत बसले होते.

उर्दू रुबाईकार अमजद हैदराबादी या पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावून एकटेच वाचले. ‘कयामत-ए-सुगरा’ ही त्यांची कविता त्यातूनच आली. निजामाने नदीकाठी जाऊन मुसीला साडी-नारळ अर्पण केल्याची आख्यायिकाही तुम्ही ऐकली असेल. ती लोकस्मृती म्हणून मोलाची आहे. पुरावा म्हणून मी तिच्यावर भार टाकणार नाही.

पुढचे पात्र मराठी वाचकांच्या ओळखीचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक-धुळ्यापासून कारकीर्द सुरू केलेले. १९०८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली होती आणि ते युरोपच्या प्रवासात होते. निजाम सरकारचे बोलावणे त्यांना तेथे पोहोचले. १९०९च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादेत दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांचा अहवाल तयार होता.

काम कसे केले असेल याचा विचार करावा. पूर ओसरून सहा-सात महिने झालेले. मग पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करायच्या, पाणी किती उंच चढले याच्या खुणा मोजायच्या, फुटलेल्या तलावांची गणती करायची. शहराजवळ पुराचा कमाल वेग त्यांनी सुमारे ४ लाख २५ हजार क्युसेक काढला. उपाय असा सुचवला की शहराच्या वर, मुसीवर एक आणि ईसीवर एक, असे दोन मोठे जलाशय बांधावेत. पूर तेथे अडवावा आणि नदीपात्राला झेपेल तेवढेच पाणी हळूहळू खाली सोडावे. जोडीला काठ बांधावेत, काठावर बागा कराव्यात, भुयारी गटारे घालावीत.

आता थोडे गणित, कारण या गोष्टीचा पेच गणितातच आहे. ८६० चौरस मैलांवर एक इंच पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर जवळपास २ टीएमसी पाणी होते. मुसीवर गंडीपेटजवळ १९२० मध्ये उस्मानसागर पूर्ण झाला, त्याची क्षमता सुमारे ३.९ टीएमसी. ईसीवरचा हिमायतसागर १९२७चा, सुमारे ३ टीएमसी. ४ लाख २५ हजार क्युसेकने पाणी येत असेल, तर तासाला दीड टीएमसी जमा होते. म्हणजे दोन्ही तलाव तळापर्यंत रिकामे असले तरी त्या दिवशीच्या कमाल वेगाने ते साडेचार तासांत भरतील. आणि काठोकाठ भरलेले असतील, तर?

पुरासाठी बांधलेला तलाव रिकामा ठेवावा लागतो. पाणीपुरवठ्याचा तलाव भरलेला हवा असतो. हैदराबादने एकाच जोडीकडून दोन्ही कामे मागितली. उस्मानसागरचे पाणी उताराने, पंपाशिवाय, आसिफनगरच्या गाळणी केंद्रापर्यंत येऊ लागले. ज्या शहराने पाण्याने माणसे गमावली, त्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले ते त्याच पुराच्या पोटी जन्मलेल्या तलावांनी. मात्र सप्टेंबरअखेर दारे उघडून पुढच्या वादळासाठी जागा करायची, की पुढचा पावसाळा हुकला तर म्हणून थेंबन्‌थेंब राखायचा, हा निर्णय दरवर्षी कोणा अभियंत्याला घ्यावाच लागतो.

या पेचाची विश्वेश्वरय्यांना पुरेपूर जाण होती, असे मला वाटते. पुण्याच्या खडकवासल्याला त्यांनी रचलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये बसली होती. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचे आणि पूर येताच दारांनी आपणहून उघडून वाट द्यायची, ही त्यामागची युक्ती. दुष्काळाचा आणि पुराचा एकाच यंत्रात विचार. (पानशेत आणि १९६१ याबद्दल कृपया प्रतिसादांत विचारू नये, तो स्वतंत्र धागा आहे.)

महबूब अली खान १९११ मध्ये वारले. धरणे त्यांनी पाहिली नाहीत. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. नदीकाठी आज दिसणारे उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय, सिटी कॉलेज ही भव्य इमारतींची ओळ त्या पुनर्रचनेतली. पर्यटक तिची छायाचित्रे घेतात. ती पुरानंतर मोकळ्या झालेल्या काठावर उभी आहे हे क्वचितच कोणी सांगते.

शहर वाढले तसे हे पाणी अपुरे पडू लागले. साठच्या दशकात मांजरेचे पाणी आले. मांजरा म्हणजे बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरच्या सीमेवरून जाणारी तीच नदी, जी आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यानंतर हैदराबादसाठी शंभर किलोमीटरहून लांबून कृष्णा आली, मग गोदावरी.

दूरचे पाणी घरात येऊ लागले की जवळचा तलाव अडचण वाटू लागतो. दोन्ही तलावांच्या भोवती १० किलोमीटर परिसरात बांधकामांवर निर्बंध घालणारा १११ क्रमांकाचा शासकीय आदेश १९९६चा. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्याचा आदेश निघाला. युक्तिवाद असा की शहराची तहान आता या तलावांवर अवलंबून नाही. हे मला अर्धे उत्तर वाटते. तलाव आधी सुचवले गेले ते पुरासाठी; त्या कामाला पर्याय म्हणून कृष्णा किंवा गोदावरी येऊ शकत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २४ ऑगस्ट २०००ला बेगमपेटला एका दिवसात २४ सेंटीमीटर पाऊस पडला आणि हुसेनसागरच्या नाल्याकाठच्या वस्त्या बुडाल्या. तो पाऊस या दोन तलावांच्या पाणलोटाबाहेर, थेट शहरावर पडला होता. उस्मानसागर तेथे काहीच करू शकत नव्हता. १९०९च्या उपायाने १९०८चाच पूर अडतो; ढग दहा कोस पूर्वेला सरकला की हिशेब बदलतो.

ऑक्टोबर २०२० मध्येही बंगालच्या उपसागरावरूनच आलेल्या वादळाने हैदराबाद झोडपले. हिमायतसागरची दारे उघडली गेली, मुसीला पूर आला. मात्र सर्वांत भीषण मृत्यू मुसीपासून दूर, दक्षिणेकडच्या वस्त्यांत झाले. तेथे पल्ले चेरुवूचा बांध फुटला आणि पाणी रात्रीच्या अंधारात घरांत शिरले. चारच दिवसांनी बालापूरचा गुर्रम चेरुवू फुटला. चेरुवू म्हणजे तेलुगूत तलाव. दोन्ही जुनेच, मातीच्या बांधाचे, साखळीतले. फक्त त्यांच्या सांडव्याच्या वाटेवर आता शेते राहिलेली नव्हती, घरे होती.