तेरचे वस्तुसंग्रहालय: वस्तू आणि तिचा पत्ता

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून तुम्हाला ठाऊक असेल. सातवाहन काळात हेच ‘तगर’ नावाचे व्यापारी नगर होते. त्याचे अवशेष गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात.

तेर म्हणजेच तगर कशावरून? इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर आणि तगर पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर असल्याचे म्हटले आहे. नकाशावर पडताळून पाहा. सरळ रेषेत भडोच ते पैठण सुमारे ३५० किमी, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५० किमी, म्हणजे दिवसाला पंधरा. मालाने भरलेल्या गाड्यांचा वेग दोन्हीकडे जवळपास जुळतो. दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख मांडली.

आता संग्रहालयाकडे वळू. लामतुरे यांनी गावातल्या पांढरीच्या टेकाडांवर मिळालेल्या मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती वस्तू जपल्या. ते नसते तर यातले बरेचसे नाहीसे झाले असते. तरीही एक उणीव राहते. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती मूर्ती त्याआधीची हे निश्चित. तेरच्या मूर्तीचा काळ मात्र तुलनेनेच ठरवावा लागतो, कारण ती कोणत्या थरातली याची नोंद नाही. थर हाच वस्तूचा पत्ता. १९५८ मध्ये तेरला उत्खनन झाले ते असे थर वाचण्यासाठीच.

हा प्रश्न फक्त तेरचा नाही. बेंगळुरूतही यशवंतपूरला १८९१ मध्ये रोमन चांदीची नाणी सापडली होती. आज के. आर. पुरमच्या आसपास सतत पाये खणले जातात आणि तुमच्यापैकी काही जण उद्या अशाच साइटवर उभे असतील. जुनी वीट, खापर किंवा नाणे दिसले तर लगेच उचलू नका. काम थांबवा, जागेवरच फोटो घ्या, खोली मोजा, मातीचा रंग लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.